पॅरिस आवडले नाही, हे कोणाला सांगू?

एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा : वय ६१, माध्यमिक शाळेत २९ वर्षे इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. यंदाच्या मे महिन्यात त्यांनी यजमानांसह युरोपची बारा दिवसांची ग्रुप टूर केली. रोमला सुरू झालेली सहल पॅरिसला संपली. लहानपणापासून पॅरिस पाहायची आस होती, पण प्रत्यक्षात ते शहर त्यांना मुळीच आवडले नाही. मेट्रोत पर्स मारली गेली, उपाहारगृहातला वेटर तुसडेपणाने वागला आणि मोनालिसा लोकांच्या डोक्यांवरून जेमतेम दिसली. उलट व्हेनिस पाहण्यासाठी ग्रुपला ज्या पादुआ गावात उतरवले होते, तिथे रात्रीच्या जेवणानंतर पाय मोकळे करताना लागलेला एक चौक अजून त्यांच्या मनातून जात नाही. घरी आल्यावर मात्र भिशीत आणि लग्नकार्यांत त्या 'पॅरिस म्हणजे स्वप्नच' असे सांगत राहिल्या, कारण दोघांचे मिळून सात लाख रुपये खर्चून 'आवडले नाही' म्हणणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. आता त्या शब्दावर विसंबून जाऊबाई तीच सहल ठरवत आहेत. फ्रँकफर्टला नोकरी करणारी लेक पुढच्या एप्रिलमध्ये दोघांना बोलावते आहे आणि पाहायच्या शहरांची यादी मागते आहे. यजमानांनी पॅरिसवर कायमची फुली मारली आहे. 'खोट माझ्या नजरेत आहे का? आणि यादीत लिहू काय?' असे त्या विचारतात.

बाई, (इतकी वर्षे वर्ग सांभाळलेल्या व्यक्तीला मी दुसरी हाक मारू शकत नाही) तुमच्या पत्रात पॅरिसबद्दल दीड पान आहे आणि पादुआबद्दल सहा ओळी. त्या सहा ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. चौकातल्या कालव्याच्या दगडी कठड्यावर बसून तुम्ही सायकल शिकणाऱ्या एका मुलीला आणि सीट धरून तिच्यामागे धावणाऱ्या तिच्या आजोबांना अर्धा तास पाहत होतात, आणि एरवी सतत घड्याळ बघणाऱ्या यजमानांनी त्या अर्ध्या तासात एकदाही 'किती वाजले' असे विचारले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या यादीचे उत्तर तिथेच आहे. पण आधी त्या दीड पानाचा निकाल लावू.

तुमच्या नजरेत खोट नाही. पॅरिसला नावे ठेवण्याची परंपरा खुद्द पॅरिसमधलीच आहे. आयफेल टॉवरचे काम नुकतेच सुरू झाले होते, तेव्हा फेब्रुवारी १८८७मध्ये कथाकार गी द मोपासाँ, संगीतकार गुनो आणि तिथले ऑपेरागृह बांधणारा वास्तुविशारद गार्निये यांच्यासारख्या नामवंतांनी या लोखंडी सांगाड्याने शहर विद्रूप होईल, असे निषेधपत्र वर्तमानपत्रात छापले होते. १९८०च्या दशकात तर पॅरिसमध्ये काम करणाऱ्या हिरोआकी ओता या जपानी मनोविकारतज्ज्ञाने, मनातले पॅरिस आणि समोरचे पॅरिस यांतली तफावत सहन न होऊन आजारी पडलेल्या जपानी प्रवाशांच्या अवस्थेला 'पॅरिस सिंड्रोम' असे नावच दिले. त्या मानाने तुम्ही नुसत्या हिरमुसल्या आहात, हे ठीकच म्हणायचे.

मला शंका आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही 'पॅरिस पाहिले' असे लिहिता. पण सोबत जोडलेल्या कार्यक्रमपत्रिकेवरून मी जरा हिशेब मांडला. अकराव्या दिवशी ब्रुसेल्सहून चार तासांचा बसप्रवास करून तुम्ही दुपारी पोहोचलात, जेवलात, बसमधूनच 'ओरिएंटेशन टूर' केली, आयफेलच्या दुसऱ्या मजल्यावर गेलात, सेन नदीत तासभर बोटीत बसलात, भारतीय जेवण जेवलात आणि शहराबाहेर तासाभरावर असलेल्या हॉटेलात झोपलात. बाराव्या दिवशी पन्नास मिनिटे अत्तराच्या दुकानात, सव्वा तास लूव्र संग्रहालयात, दोन तास 'फ्री टाइम' (पर्स गेली ती याच वेळात) आणि मग विमानतळ. झोप, बस, रांगा आणि जेवणे वजा केली, तर त्या शहराच्या रस्त्यांवर तुम्ही स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मर्जीने चाललात ते दोनच तास. मुंबईला प्रथमच आलेल्या माणसाला बसमधून मरीन ड्राइव्ह दाखवून, गेटवेला फोटो काढायला उतरवून, परतताना दादर स्थानकात त्याचे पाकीट गेले, तर तो मुंबईबद्दल काय सांगेल?

यात टूर मॅनेजरला दुष्ट ठरवण्याचेही कारण नाही. युरोपात बसचालकाला दिवसाला साधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावी लागते आणि दोन दिवसांच्या मध्ये सामान्यतः अकरा तासांची सलग सुट्टी द्यावी लागते. हे सर्व गाडीतल्या यंत्रावर नोंदले जाते आणि नियम मोडल्यास दंड होतो. म्हणून तुमचा मॅनेजर आयफेलच्या पायथ्याशी हातात झेंडी धरून 'चला, चला' करत होता. बारा दिवसांत पाच देश बसवायचे, हॉटेल परवडणारे हवे म्हणून ते गावाबाहेर घ्यायचे आणि शिवाय चालकाचे तास सांभाळायचे, अशी ती कसरत असते. या कसरतीत पादुआची ती संध्याकाळ मोकळी राहिली, ती तिथे पाहण्यासारखे काही आहे असे पत्रिकेत लिहिलेलेच नव्हते म्हणून. शिवाय पादुआ चौथ्या दिवशी आले आणि पॅरिस शेवटी, पाय सुजलेले आणि बॅग भरायची उरलेली असताना.

हे सांगण्याचा हेतू पॅरिसची वकिली करण्याचा नाही. काही दोष त्या शहराच्याच माथी आहेत. मेट्रोतले आणि मोठ्या स्मारकांभोवतीचे खिसेकापू ही तिथली जुनी, सर्वांना ठाऊक असलेली आणि तरीही न सुटलेली दुखणी आहेत. कागद पुढे करून सही मागणाऱ्या मुली, 'ही अंगठी तुमचीच का' असे विचारणारा गृहस्थ आणि टेकडीवरच्या चर्चच्या पायऱ्यांवर मनगटात जबरदस्तीने दोरा बांधणारे तरुण हे त्याच जत्रेतले. पुन्हा जाल तेव्हा खांद्याला लटकणारी पर्स नको. पैसे दोन ठिकाणी विभागलेले असावेत, फोन दाराजवळ उभे राहून हातात धरू नये आणि पासपोर्टची छायाचित्रे लेकीकडेही असावीत. (पादुआचा संत अँथनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे आणि गोव्यातही त्याचे भक्त पुष्कळ आहेत. तुमच्या पर्सच्या बाबतीत मात्र तुम्ही त्याच्या गावाहून फार लवकर निघालात.)

वेटरबद्दल मात्र मी थोडी त्याची बाजू घेईन. तुम्ही संध्याकाळी पाच वाजता जेवायला मागितलेत. तिथल्या पुष्कळ उपाहारगृहांत दुपारचे जेवण दोन-अडीचला आटोपते, ते थेट संध्याकाळी सात-साडेसातला स्वयंपाकघर पुन्हा सुरू होते. मधल्या वेळात कॉफी, फार तर एखादा थंड पदार्थ मिळतो. दुसरे म्हणजे, फ्रान्समध्ये दुकानात किंवा उपाहारगृहात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचे असते. ते न म्हणता थेट मागणी केली, की आपल्याकडे कोणी उंबऱ्यातूनच 'पाणी आणा' असे ओरडावे तसे ते त्यांना वाटते. आणि बिल अर्धा तास आणले नाही, हा तुमचा तिसरा राग तर उलटाच आहे, कारण गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज बिल पुढे ठेवणे हे तिथे 'आता उठा' असे सुचवण्यासारखे समजतात. नळाचे पाणी फुकट मिळते, तेही मागावे लागते. 'कराफ द'ओ' असे म्हटले की पाण्याचा जग येतो. या तीन-चार गोष्टी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर छापल्या, तर 'पॅरिसची माणसे उद्धट' ही तक्रार निम्म्याने कमी होईल, असे मला वाटते. उरलेली निम्मी खरीच आहे.

आता मला खरोखर खटकलेली गोष्ट. तुम्ही २९ वर्षे नववी-दहावीला इतिहास शिकवलात, फ्रेंच राज्यक्रांतीवर किती तास घेतले असतील याची गणती नाही, आणि त्या शहरात तुम्हाला क्रांतीचा एक दगडही कोणी दाखवला नाही. बॅस्टिल पाहायचे राहून गेले म्हणून तुम्ही हळहळता, पण बॅस्टिल आता नाहीच. १४ जुलै १७८९ नंतर लगेच ते पाडायला घेतले. पालुआ नावाच्या कंत्राटदाराने ते काम केले आणि त्याच्या दगडांतून किल्ल्याच्या छोट्या प्रतिकृती कोरून त्या फ्रान्सच्या ८३ जिल्ह्यांना पाठवल्या. आठवणीची वस्तू म्हणून आज विकले जाणारे आयफेलचे पत्र्याचे छल्ले पाहिले, की मला हा पालुआ आठवतो. बरेचसे दगड सेन नदीवरच्या काँकॉर्द पुलाला लागले. तो पूल १७९१मध्ये पुरा झाला. तुमची बस त्या पुलावरून गेली असण्याचा बराच संभव आहे, आणि गेली असेल, तर तुम्ही बॅस्टिलवरूनच गेलात. पुलाच्या उत्तर टोकाला जो मोठा चौक लागतो, तिथे २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचे मस्तक उडवले गेले. तुमच्या पत्रात तो 'मधोमध इजिप्तचा खांब असलेला चौक, फोटो स्टॉप दहा मिनिटे' एवढाच आहे.

लूव्रचेही तेच. मोनालिसाचे चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशापेक्षाही लहान. गर्दीच्या डोक्यांवरून ते चार सेकंद दिसले, तर त्यात तुमचा काय दोष? पण त्याच दालनात, त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, सुमारे दहा मीटर रुंदीचे एक चित्र आहे. बायबलमधल्या काना गावच्या लग्नाची मेजवानी त्यात व्हेरोनेसेने रंगवली आहे. ते मूळचे व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहातले. १७९७मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते तिथून काढून पॅरिसला आणले. ज्या व्हेनिसमध्ये तुम्ही आठवड्यापूर्वी होतात, त्या व्हेनिसची लूट तुमच्या पाठीशी टांगलेली होती आणि सगळा ग्रुप तिकडे पाठ करून मोबाइल उंचावत होता. ग्रुपला मी दोष देत नाही. पहिल्या खेपेला मीही तेच केले होते.

राहता राहिल्या याद्या. 'आवडती शहरे' आणि 'नावडती शहरे' अशा ज्या याद्या तुमच्या मैत्रिणी एकमेकींना पाठवतात, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहा : पॅरिस, रोम, व्हेनिस, कैरो, बँकॉक ही नावे दोन्हींत सापडतील. जिथे कोणी फिरकतच नाही, ते शहर नावडत्यांच्या यादीत येणार तरी कसे? शिवाय एखादे शहर म्हणून आपण जे नाकारतो, तो पुष्कळदा त्याच्या सर्वांत प्रसिद्ध स्मारकाभोवतीचा अर्धा किलोमीटर असतो. कैरोला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा गीझाच्या पिरॅमिडपाशी एकाने मला स्वस्तात उंटावर चढवले आणि उतरवायचे वेगळे पैसे मागितले. उंट बसल्याखेरीज उतरता येत नाही आणि मालकाने सांगितल्याखेरीज तो बसत नाही, हे मला वर गेल्यावर कळले. 'पुन्हा कैरो नाही' असे मीही दोन वर्षे ऐकवत होते. पुढे कामानिमित्त जावे लागले, तेव्हा एका संध्याकाळी अल-अझहर बागेत बसले. शेकडो वर्षांच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर उभारलेली ही बाग २००५मध्ये खुली झाली. तिथून जुन्या शहराचे मिनार दिसत होते आणि कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन आली होती. पिरॅमिड मी त्या खेपेस पाहिलेच नाहीत.

तुमच्या पत्रात आणखी एका यादीचा उल्लेख आहे. 'जगातले सर्वांत राहण्यायोग्य शहर' म्हणून व्हिएन्ना २०२२पासून सलग तीन वर्षे आणि २०२५मध्ये कोपनहेगन पहिले आले, म्हणून तिथेच जावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. ती यादी स्थैर्य, रुग्णालये, शाळा, संस्कृती आणि पायाभूत सोयी यांवर ठरते. तिथे घर करायचे असेल तर ती उपयोगी. चार दिवसांच्या पाहुण्याला तिथल्या शाळा काय करायच्या? व्हिएन्ना मला स्वतःला आवडते, पण ते कॉफीबरोबर न मागताच येणाऱ्या पाण्याच्या पेल्यासाठी आणि एका कपावर तासभर बसले तरी कोणी उठवत नाही यासाठी. तुम्हालाही ते आवडेल असा माझा कयास आहे, आणि त्याचे कारण पुन्हा तो पादुआचा कठडाच.

म्हणून लेकीला शहरांची यादी पाठवण्याआधी तिला दिवसाची यादी पाठवा. सकाळी दोघांना किती तास चालता येते, दुपारी आडवे व्हायला लागते का, संध्याकाळी माणसे पाहत बसायला आवडते की दुकाने पाहायला, उंच इमारतीवर चढायची हौस कितपत आहे, एका दिवसात किती संग्रहालये झेपतात (माझ्या मते एकच), जेवणाचे कुठे अडते. हे लिहून झाले, की पुष्कळ शहरे आपोआप गळतील. ज्यांच्या घरी अशा वाटाघाटी चालल्या आहेत, त्या इतर वाचकांनाही मी हेच सुचवेन. नवरा-बायकोंची भांडणे शहरांच्या नावांवरून होतात, पण खरे मतभेद बहुधा सकाळी किती वाजता निघायचे यावर असतात.

आता तुमचे पर्याय. पादुआला परत जाण्याची ओढ मी समजू शकते, आणि तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे : १२२२पासूनचे विद्यापीठ, ज्यात गॅलिलिओने अठरा वर्षे गणित शिकवले, आणि १३०५च्या सुमारास जोत्तोने भित्तिचित्रांनी भरून टाकलेले स्क्रोव्हेन्यी प्रार्थनागृह, जिथे चित्रांना दमटपणा बाधू नये म्हणून आधी एका बंद खोलीत पंधरा मिनिटे बसवतात. धोका एवढाच, की त्या रात्रीसारखी रात्र मागून मिळत नाही. पाऊस असेल, आजोबा नसतील. व्हिएन्ना निर्धोक आहे. पण मला विचाराल, तर यादीत पहिले नाव पॅरिसचेच लिहा, चार रात्री लिहा आणि पुढे कंसात 'आयफेल नाही' असे लिहा.

फ्रँकफर्टहून पॅरिसला थेट रेल्वे आहे, सुमारे चार तासांची. ती ज्या स्थानकात उतरवते, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर फोबूर सँ-दनी रस्त्यावर तमिळ लोकांची दुकाने आणि खाणावळी आहेत, तेव्हा डोसा-सांबाराची चिंता मिटली. त्याच भागात गणपतीचे देऊळ आहे आणि त्याची मिरवणूक उन्हाळ्याच्या अखेरीस रस्त्यावर नारळ फोडत निघते. मुक्काम शहरातच असू द्या, खोली लहान असली तरी चालेल. एक पूर्ण सकाळ कार्नावाले संग्रहालयाला द्या. पॅरिसचा इतिहास तिथे मांडला आहे, कायमचे दालन विनामूल्य आहे आणि पालुआने कोरलेले बॅस्टिल तिथे तुम्हाला भेटेल. मारी आंत्वानेतला जिथे डांबले होते, ते काँसिएर्जरी जवळच, नदीतल्या बेटावर आहे. संध्याकाळी लक्झेंबर्ग बागेत जा. तिथे हिरव्या रंगाच्या लोखंडी खुर्च्या असतात, शेकडो, कशालाही न बांधलेल्या. त्या उचलून सावलीत, तळ्याकाठी, हव्या तिथे ओढत न्यायच्या, एकीवर बसायचे आणि दुसरीवर पाय ठेवायचे. पैसे पडत नाहीत. तळ्यात मुले काठीने छोटी शिडाची होडकी ढकलत असतात.

यजमान फुली पुसायला तयार नसतील, तर ओढाताण करू नका. त्यांना लेकीच्या घरी राहू द्या आणि तुम्ही दोघी मायलेकी जा. चाळीस वर्षांच्या संसारात चार रात्रींची वेगळी सहल हा अपराध नव्हे. आणि हे सगळे करूनही पॅरिस आवडले नाही, तर नाही. मग मात्र ते मत पूर्णपणे तुमचे असेल.

जाऊबाईंना खरे सांगा, आणि लवकर सांगा, कारण आगाऊ रक्कम भरून झाल्यावर सांगितलेले खरे कोणालाच नको असते. सात लाख खर्चले म्हणून शहर आवडून घेण्याचे बंधन तुमच्यावर नाही, आणि मतभेद सांगितल्याने कोणाचा अपमानही होत नाही. तरीही 'पॅरिस वाईट आहे, जाऊ नका' असे सांगू नका. त्यांचा स्वभाव वेगळा आहे : तुमच्याच पत्रानुसार त्यांना बसमधल्या अंताक्षरीची आणि खरेदीची हौस आहे, आणि शाकाहारी जेवण, भाषा, सामान यांची काळजी दुसऱ्याने वाहिलेली त्यांना हवी आहे. त्यांना ग्रुप टूर कदाचित तुमच्यापेक्षा पुष्कळ अधिक मानवेल. तुम्ही त्यांना घडलेले प्रसंग सांगा आणि कंपनीला विचारायचे प्रश्न लिहून द्या : पॅरिसमध्ये रात्री किती, हॉटेल शहरापासून किती किलोमीटर, लूव्रच्या आत माहितगार गाइड आहे की नुसते तिकीट, दुकानांचे थांबे किती, आणि 'फ्री टाइम' म्हणजे नेमके किती तास व कुठे. उत्तरे लेखी मागायला सांगा.

थोडे कागदोपत्री. मुक्काम मुख्यतः लेकीकडे असल्यामुळे शेंगेन व्हिसासाठी जर्मनीकडे अर्ज करावा लागेल. त्याच व्हिसावर फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया करता येते. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो आणि प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. तारखा ठरवताना लूव्र मंगळवारी आणि कार्नावाले सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. अशा संध्याकाळी जा आणि मोनालिसाच्या दालनात शिरल्यावर आधी मागे वळा.